माठ पावसाळ्यात गार का होत नाही?

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी सातवीला विज्ञान शिकवतो. धडा संपला की मी विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात, "हो सर!" तो 'हो' मी कितीतरी वर्षं खरा धरून चाललो.

एकदा बाष्पीभवन शिकवत होतो. व्याख्या पोरांना तोंडपाठ. मी विचारलं, "मग पावसाळ्यात माठातलं पाणी उन्हाळ्यासारखं गार का होत नाही?"

वर्ग चिडीचूप. एरवी मीच उत्तर सांगून मोकळा झालो असतो. त्या दिवशी मनातल्या मनात आकडे मोजत गप्प उभा राहिलो. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातली हीच शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर मुलांची उत्तरं लांबतात, 'येत नाही' म्हणणं कमी होतं, मुलं स्वतःहून बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण फळ्यापाशी उभं राहून ते फार मोठे वाटतात.

शेवटच्या रांगेतली, कधी तोंड न उघडणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, तवा कपडेही वायत नाही ना."

मी 'शाब्बास' म्हटलं नाही. म्हटलं की चर्चा तिथंच संपते. शेजारच्या पोराला विचारलं, "तुले पटते का? काऊन?" तो म्हणाला, "हो, पावसात कूलरही कामाचा रायत नाही." तिसरा म्हणाला, "हवेत पाणी पयलेच भरेल असते, मंग माठातलं उडन कुठं?"

बाष्पीभवन पोरांनी आपल्या वऱ्हाडीत उलगडलं. अशा वेळी "वायत नाही, वाळत नाही म्हण" असं कृपा करून टोकू नका. पोराचं लक्ष शब्दाकडे जातं आणि विचार तिथंच राहतो. शुद्धलेखनाला वेगळा तास आहे.

लाजऱ्या मुलांसाठी मी आणखी एक करतो. आधी बाकावरच्या जोडीदाराशी बोलायला सांगतो, मग वर्गाला. जोडीदाराला सांगून झालेलं वाक्य मोठ्यानं म्हणायला धीर येतो.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी दारातच थांबली. "सर, नवा माठ जास्त गार करते, जुना कमी. काऊन?" मी उत्तर दिलं नाही, प्रश्न फळ्यावर लिहिला. संध्याकाळी घरोघरी विचारणा झाली. सकाळी एक पोरगा पळत आला, "सर, आजी म्हणते, माठाचे बारीक छिद्रं बुजतात!"