आतडं आकसतं ते कुणाच्या कॅल्शियमवर?

मंडळी, आतड्याचा तुकडा आकसतो तो बाहेरच्या द्रावणातल्या कॅल्शियमवर की पेशीत साठवलेल्या, हा आजचा विषय. त्याकडे येतोच. पण जळगावात बोलायला उभं राहून पाण्याचा विषय टाळायचा, हे काही जमणार नाही.

लंडनला सिडनी रिंगर बेडकाच्या हृदयावर काम करत होते. 1882 मध्ये त्यांनी लिहिलं की मिठाच्या द्रावणात हृदय छान चालतं. पुढच्याच वर्षी त्यांना सांगावं लागलं की ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात केलेलं होतं! शुद्ध पाणी घेतलं तर ठोके लवकरच बंद पडायचे. काम करत होतं नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम. आपल्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो ना, तो निम्मा तरी याच प्रकारचा. (हसताय, पण प्रयोगशाळेतली काचेची भांडी शेवटी कोणत्या पाण्याने विसळता, ते एकदा पाहा.)

आता माझी जुनी तक्रार. टायरोड द्रावणात, म्हणजे आतड्याचा तुकडा जिवंत ठेवायच्या क्षारांच्या पाण्यात, लिटरला 0.2 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, असं सगळे पाठ म्हणतात. कोणतं, ते कुणी विचारत नाही. 0.2 ग्रॅम निर्जल (रेणूत पाणी नसलेलं) घेतलं तर 1.8 मिलिमोलर मिळतं. बाटली डायहायड्रेटची, म्हणजे रेणूमागे दोन पाणी असलेल्याची, असेल तर 0.265 ग्रॅम लागतं, नाहीतर 1.36 वरच अडकता. त्यात निर्जल पावडर हवेतली ओल ओढते. पावसाळ्यात बाटलीत खडे झालेले असतात, वजनात पाणीच मोजलं जातं आणि आलेख बुटके आले की दोष आतड्याला! शिवाय ते टायरोडमधल्याच बायकार्बोनेटबरोबर घट्ट द्रावणात मिसळलं की गढूळ होतं. बाकी सगळं विरघळवून, पाणी वाढवून, शेवटी हळूहळू घाला.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. भरीत थांबणार नाही, तेव्हा मुद्दा पटकन.

पेशीच्या आत कॅल्शियम 100 नॅनोमोलरच्या आसपास, बाहेर त्याच्या दहा-पंधरा हजार पट. आकसायला आतलं वाढायला हवं, मग ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला चिकटतं, मग मायोसिन या आकसवणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसतं. कॅल्शियम येणार कुठून? पेशीच्या पटलावरच्या एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्यांतून बाहेरचं, नाहीतर आतल्या जाळ्यात साठवलेलं, म्हणजे घरच्या कणगीतलं.

दोन्ही वेगळे कसे काढायचे? आतड्याचा तुकडा टांगलेल्या 20 मिलीच्या बाथमध्ये (द्रावणाच्या भांड्यात) 3 मोलर पोटॅशियम क्लोराइड 0.4 मिली घाला, साधारण 60 मिलिमोलर होतं. पटलाचा विद्युतभार उतरतो, वाहिन्या उघडतात, आतडं आकसतं. निफेडिपिन हे त्या वाहिन्या अडवणारं औषध दिलं की बंद. अ‍ॅसिटाइलकोलीन (मज्जातंतूंचं निरोप देणारं रसायन) मात्र पेशीवरच्या एम-3 ग्राहकावरून आयपी-3 हा आतला निरोप्या रेणू बनवून कणगीही उघडतं आणि पटलाचा भार उतरवून वाहिन्याही.

आता कॅल्शियम नसलेलं टायरोड घ्या. नुसतं वगळून भागत नाही, काचेतून आणि इतर क्षारांतून अंश येतोच, म्हणून ईजीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन घाला. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, सोडियम हायड्रॉक्साइड घालून विरघळवा आणि पीएच पुन्हा जुळवा. त्यात पोटॅशियमला उत्तर शून्य. अ‍ॅसिटाइलकोलीनला एक छोटा, लगेच ओसरणारा झटका. दुसऱ्या मात्रेला तोही नाही, कणगी रिकामी झालेली असते. फार वेळ ईजीटीएत ठेवलंत तर पहिलाही मिळणार नाही, साठा आपोआप झिरपून जातो.

साठा लहान आणि तग धरणारा आकस बाहेरच्या कॅल्शियमवर, हे इथे दिसतं. नेहमीचं टायरोड परत घालून काही मिनिटं थांबा, कणगी भरते. मग पुन्हा ईजीटीएत नेऊन अ‍ॅसिटाइलकोलीन द्या, झटका परत येईल.