भिंतीवर लिहिलेलं खरं का वाटतं?

(दृश्य : जुनी छायाचित्रं. वीटकामाची भिंत, तिच्यावर चिकटवलेला छापील कागद.)

1970च्या दशकाची अखेर. न्यूयॉर्कच्या लोअर मॅनहॅटन भागात भिंतींवर पांढरे कागद दिसू लागले. त्यांवर काळ्या ठसठशीत टायपात एकाखाली एक वाक्यं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, संस्था नाही, विकायला काही नाही. एक ओळ म्हणते, "मुलं ही भविष्याची आशा आहेत." तिच्याच खालची ओळ, "मुलांइतकं क्रूर कुणी नसतं."

दोन्हींचा सूर सारखाच ठाम. मान नक्की कुठल्या ओळीला डोलवायची?

हे कागद लावत होत्या कलाकार जेनी होल्झर. ओहायो राज्यातल्या, तेव्हा तिशीच्या आतल्या. व्हिटनी म्युझियमच्या अभ्यासक्रमासाठी त्या न्यूयॉर्कला आल्या होत्या. तिथे वाचनासाठी मिळालेल्या जड वैचारिक ग्रंथांच्या यादीतून 'ट्रुइझम्स' (म्हणजे सर्वमान्य वाटणारी वाक्यं) ही मालिका निघाली. 1977 ते 1979 या काळात जवळजवळ तीनशे वाक्यं झाली. ती कागदावर मांडली वर्णानुक्रमे, आणि मला यातच खरी चलाखी दिसते. वर्णानुक्रम कुणाची बाजू घेत नाही. शब्दकोशाशी कोण भांडतं?

लोक मात्र भांडले. कुणी ओळी खोडल्या, कुणी अधोरेखित केल्या, कुणी शेजारी पेनानं शेरे मारले. कागद स्वस्त होता, हाताला येत होता, म्हणून हे जमलं.

(दृश्य : गुलाबी, पिवळे, हिरवे चौकोनी कागद.)

पुढची मालिका होती 'इन्फ्लेमेटरी एसेज'. प्रत्येक मजकूर बरोबर 100 शब्दांचा, 20 ओळींचा. भाषा जाहीरनाम्याची, पेटवणारी. यामागे लेनिन, माओ, हिटलर, अराजकतावादी एमा गोल्डमन अशा वेगवेगळ्या टोकांच्या लोकांचं वाचन होतं. कागदावर डावा कोण, उजवा कोण, हे सांगणारी एकही खूण नव्हती.

मग होल्झर यांनी कागद सोडून ब्राँझ घेतलं. अमुक थोर गृहस्थ या घरात राहत होते, असं सांगणाऱ्या पाट्या असतात ना, हुबेहूब तशा. 'लिव्हिंग' मालिकेतल्या एका मजकुराचा आशय असा : निपचित पडलेल्या देहांना ओलांडून आपल्या कामाला लागायला माणसाला थोडा वेळ लागतो. हेच खडूनं फुटपाथवर लिहिलं असतं, तर एखाद्या विक्षिप्ताचं काम म्हणून सोडून दिलं असतं. ओतीव धातूत ते नगरपालिकेचं निवेदन वाटतं. आपल्याकडेही नोटिशीखाली 'आदेशावरून' एवढं छापलं की आदेश कुणाचा, हे कोण विचारतं!

(दृश्य : रात्रीचा टाइम्स स्क्वेअर, दिव्यांचा फलक.)

1982. वन टाइम्स स्क्वेअर या इमारतीवर 'स्पेक्टाकलर' नावाचा दिव्यांचा जाहिरात फलक होता. बातम्यांची सरकती पट्टीही 1928 साली याच इमारतीवर सुरू झालेली. म्हणजे इथे वर बघायचं ते एक तर बातमीसाठी, नाही तर जाहिरातीसाठी, ही सवय शहराला जुनी. त्या फलकाच्या कंपनीत काम करणाऱ्या चित्रकार जेन डिक्सन यांच्या कल्पनेतून पब्लिक आर्ट फंड या सार्वजनिक जागी कला मांडणाऱ्या संस्थेचा एक उपक्रम उभा राहिला. जाहिरातींच्या मधूनमधून कलाकारांचे संदेश दाखवायचे. होल्झर यांचं एक वाक्य तिथे झळकलं, "खासगी मालमत्तेतून गुन्हेगारी जन्मली." आणि आजूबाजूला सगळा विकण्याचाच बाजार! 1985मध्ये त्याच फलकावर दुसरं वाक्य आलं : "मला जे हवंसं वाटतं, त्यापासून मला वाचवा." ग्रंथालयात हे वाचलं तर प्रार्थना वाटेल. त्या चौकात ते शेजारच्या जाहिरातीला दिलेलं उत्तर होतं.

(दृश्य : गुगनहाइमचा गोल कठडा, सरकती अक्षरं.)

1989च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियमच्या चक्राकार चढत जाणाऱ्या कठड्यावरून होल्झर यांची एलईडी अक्षरं धावू लागली. पुढच्याच वर्षी त्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेच्या दालनात गेल्या आणि त्या दालनाला 'गोल्डन लायन' हा तिथला मानाचा पुरस्कार मिळाला. दृश्य दिपवणारं होतं, वाद नाही. पण इथे वाक्याला दुसराच अधिकार चिकटला, प्रसिद्ध कलाकाराचा. 'हे खरं आहे का?' ऐवजी 'हे होल्झर यांचं का?' असं विचारत प्रेक्षक आत येतो. इथे पेन काढून ओळ खोडली, तर सुरक्षारक्षक धावत येईल. माझं मत विचाराल तर भिंतीवरचे कागद अधिक धारदार होते.

'ट्रुइझम्स'मधलं एक वाक्य मात्र पुन्हा रस्त्याच्या बाजूला आलं. "सत्तेच्या गैरवापराचं नवल वाटत नाही." 2017मध्ये कलाजगतातल्या लैंगिक छळाविरुद्ध निघालेल्या खुल्या पत्रानं ते उचललं, आणि त्याखाली हजारो सह्या झाल्या.

(दृश्य : मोठा कॅनव्हास, काळे आयत.)

दरम्यान, होल्झर यांनी स्वतःची वाक्यं लिहिणं थांबवलं होतं. इराक युद्धाच्या काळापासून त्या गोपनीयतेतून मोकळी केलेली अमेरिकी सरकारी कागदपत्रं घेऊन ती मोठ्या आकारात कॅनव्हासवर उतरवू लागल्या. सरकारनं काळी केलेली जागा काळीच ठेवली. काही पानांवर मजकूर जवळजवळ उरलेलाच नाही. तरीही शिक्का आणि समासातले क्रमांक शाबूत असले, की ते पान सरकारी म्हणूनच वाचलं जातं.