एक हात वर, दोन हात वर

बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, इथे सतरंजीवर जागा आहे. आज मी स्लाइड्स वगैरे काही आणलेलं नाहीये, एका माणसाची गोष्ट सांगायचीय आणि ती सांगता सांगता रानात, डोंगरात एकटं जाण्याबद्दल मला जे बोलायचंय ते बोलीन. त्याआधी एक करा. असं समजा की तुम्ही जंगलात अडकलाय, डोक्यावरून विमान चाललंय, त्याला दिसायला पाहिजे, तर हात कसा कराल? करा, लाजू नका. बघा, निम्म्याहून जास्त लोकांनी एकच हात वर केलाय. हा हात लक्षात ठेवा.

माणसाचं नाव कार्ल मॅकन. वय ३५, फोटोग्राफर, प्राण्यापक्ष्यांचे फोटो काढायचा. मार्च १९८१ मध्ये तो अलास्कात एका तळ्याकाठी छोट्या विमानाने उतरला, फेअरबँक्स शहरापासून साधारण ३६० किलोमीटर ईशान्येला, ब्रूक्स पर्वतरांगेच्या दक्षिण बाजूला. त्या तळ्याला नावसुद्धा नव्हतं. रस्ता नाही, गाव नाही, सगळ्यात जवळची वस्ती फोर्ट युकॉन, ती १२० किलोमीटर लांब. बरोबर ५०० रोल फिल्म, सहाशे किलोच्या वर सामान आणि खाणं, दोन रायफली, एक शॉटगन. ऑगस्टच्या मध्यापर्यंत राहायचं असा प्लॅन होता. म्हणजे हा काही पाठीला सॅक लावून उगाच निघालेला माणूस नव्हता, त्याला त्या भागाची माहिती होती, आधी राहून आलेला होता, तयारी बघितली तर आपल्यातल्या कोणाहीपेक्षा चांगली. एकच गोष्ट राहिली. ऑगस्टमध्ये न्यायला कोण येणार, हे पक्कं ठरलेलंच नव्हतं. एका ओळखीच्या पायलटशी बोलणं झालं होतं आणि तो येईल असं याने धरून चाललं होतं. पायलटच्या बाजूने तसं काही कबूल केलेलं नव्हतं.

त्याने डायरी लिहिली, शंभरेक पानं. सापडली ती नंतर, त्यामुळे आपल्याला हे कळतंय. वसंतात त्याला वाटलं की आपण शॉटगनच्या गोळ्या फारच आणल्यात, एवढ्या कशाला, म्हणून जवळपास सगळ्या पाण्यात टाकून दिल्या. ऑगस्ट आला, गेला, विमान आलं नाही. मग बदकं मारणं, सशांसाठी फास लावणं, एक कॅरिबू, म्हणजे तिकडचं मोठं हरीण, तळ्यात मेलेलं मिळालं त्याचं मांस सुकवून ठेवणं असं चालू राहिलं. आणि डायरीत तो स्वतःच लिहितो की परतीच्या सोयीचा मी आधी जास्त विचार करायला हवा होता.

आता विमान. ते आलं! कार्लचा पत्ता नाही म्हणून त्याच्या मित्रांना काळजी वाटली, त्यांनी पोलिसांना सांगितलं आणि एक पोलीस विमान त्या तळ्यावर आलंसुद्धा. कार्ल बाहेर धावला, लाल पिशवी हलवली, विमान वळून परत आलं तेव्हा आनंदाच्या भरात त्याने उजवा हात वर करून मूठ हलवली, मॅचमध्ये आपल्या टीमने गोल मारल्यावर आपण करतो ना, अगदी तसं. विमानाने अजून एक फेरी मारली, त्यांना दिसलं की माणूस धडधाकट आहे, हात हलवतोय, शांतपणे तंबूकडे चाललाय. विमान निघून गेलं. कार्लला आधी वाटलं की हे तळ्यावर उतरणारं विमान नव्हतं, आता दुसरं पाठवतील. तो वाट बघत राहिला. पुढे केव्हातरी सामान चाळताना शिकारीचं लायसन्स हातात आलं, त्याच्या मागच्या बाजूला विमानाला करायच्या खुणा छापलेल्या होत्या. दोन्ही हात वर म्हणजे मदत हवीय, मला घेऊन चला. एक हात वर म्हणजे सगळं ठीक आहे, थांबू नका.

हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. कागद त्याच्याजवळच होता हो, सहा महिने, त्याच तंबूत.

पुढचं लांबवत नाही. बर्फ पडलं, लांडगे आणि कोल्हे फासातले ससे पळवायला लागले, तळं गोठलं, पाचेक मैलांवर शिकाऱ्यांची एक झोपडी असल्याचं त्याला आठवलं पण तेवढ्या बर्फातून तिथवर जायची ताकद उरली नव्हती. फोर्ट युकॉनपर्यंत चालत जायचा विचार होता, तोही राहिला. नोव्हेंबरमध्ये खाणं संपलं. थंडी, भूक आणि एकटेपण यांच्यापुढे तो हरला आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये पोलीस तिथे पोचले तेव्हा तंबू आतून बंद होता.

लोक ही गोष्ट ऐकली की त्या हाताबद्दल बोलतात, मीही तिथूनच सुरुवात केली कारण ती मनातून जात नाही. पण माझ्या मते कार्लची खरी चूक ती नाहीच. खुणा कोणीही विसरेल, समोर सुटका दिसल्यावर माणूस आनंदाने काहीही करेल. खरी गोष्ट त्याच्या वडिलांची आहे आणि ती कोणी फारशी सांगत नाही. आधीच्या एका ट्रिपला कार्ल ठरल्या वेळी परत आला नव्हता तेव्हा वडिलांनी पोलिसांना कळवलं होतं. कार्ल आल्यावर म्हणाला, परत असं करू नका. आणि या वेळी निघताना सांगून गेला की उन्हाळा संपला तरी घाबरू नका, चांगलं चाललं असेल तर मी राहीन अजून. म्हणजे बघा, सगळ्या जगात एक माणूस होता जो तारीख उलटल्यावर लगेच हातपाय हलवणार होता आणि त्यालाच याने गप्प बसायला लावलं. वडिलांनी मुलाचं ऐकलं.

आपल्याकडे प्रत्येक घरात दारातून ओरडून सांगतात, पोचलास की फोन कर गं बाई, फोन कर रे बाबा. आणि आपण म्हणतो, हो गं आई, मी काय लहान आहे का, रेंज नसेल तर काळजी करू नकोस. हे वाक्य मीपण शंभर वेळा बोललोय. आता बोलत नाही. कारण त्या वाक्याचा अर्थ असा होतो की मी हरवलो तरी तू शोधायला माणसं पाठवू नकोस, आणि हे आपण आपल्या आईला सांगतोय.

आता जरा गणित करू, म्हणजे शोधणाऱ्यांच्या बाजूने बघता येईल. शोध घेणारे आधी विचारतात, शेवटचा कुठे दिसला आणि किती वेळ झाला. समजा माणूस दिवसाला १५ किलोमीटर चालू शकतो, कुठल्या दिशेला ते माहीत नाही. मग एका दिवसानंतर त्याला १५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात शोधायचंय, ते होतं साधारण ७०० चौरस किलोमीटर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ६०० च्या आसपास आहे. दोन दिवस झाले की त्रिज्या दुप्पट पण एरिया चौपट, २८०० च्या पुढे. म्हणजे उशिराचा एकेक दिवस साधा एक दिवस नसतो, तो पुढच्या सगळ्या शोधावर चढत जातो. आणि हे सपाट नकाशावरचं गणित झालं, दऱ्या, कारवीची दाट झुडपं, धुकं यातलं काहीच मी धरलेलं नाही. "मी हरिश्चंद्रगडाला चाललोय" आणि "मी शनिवारी खिरेश्वरकडून चढून टोलारखिंडीतून त्याच वाटेने रविवारी चारपर्यंत खाली येणार" या दोन वाक्यांत जो फरक आहे तो एवढा आहे.

ॲरन राल्स्टन बऱ्याच जणांना माहीत असेल, अमेरिकेत यूटा राज्यात २६ एप्रिल २००३ ला एका अरुंद घळीत साडेतीनशे किलोहून जड दगडाखाली त्याचा हात अडकला, पाच दिवस अडकून होता आणि शेवटी स्वतःचा हात कापून तो बाहेर आला. सगळे हाताचं बोलतात. मला त्यात दुसरं दिसतं. तो कुणालाही न सांगता गेला होता, अक्षरशः कुणालाही. मग शोध कसा सुरू झाला? तो कामावर आला नाही म्हणून दुकानातून घरी फोन गेला, मग आईने त्याचं ईमेल उघडून तो कुठे गेला असेल ते शोधायचा प्रयत्न केला, मित्र लागले, त्याची गाडी सापडली, आणि तो रक्तबंबाळ अवस्थेत चालत बाहेर येत होता तेव्हा हेलिकॉप्टर त्याच भागात शोधत होतं. त्याची ताकद अफाट होती, मान्यच आहे. पण हेलिकॉप्टर तिथे होतं ते दुकानातल्या कोणालातरी त्याची गैरहजेरी जाणवली म्हणून.

चकव्याबद्दल बोलायचंय. आमच्या आजीकडून ऐकलेलं, रानात चकवा लागला की माणूस रात्रभर चालतो आणि सकाळी बघतो तर त्याच झाडाखाली. लोक याला अंधश्रद्धा म्हणतात, पण ज्याने हे पहिल्यांदा सांगितलं त्याने अनुभवाचंच सांगितलं होतं. जर्मनीतल्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २००९ मध्ये लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगून जीपीएसने मागोवा घेतला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, ढगाळ झालं की गोल गोल फिरायला लागले, आपलीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना कळलंही नाही. आपल्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर सूर्य दिसतो का सांगा मला. म्हणून वाट चुकलीय असं वाटलं की थांबा. "अजून थोडं पुढे बघू, खाली उतरलं की गाव येईलच" या विचाराने किती माणसं कड्यावर जाऊन उभी राहतात, सह्याद्रीत खाली म्हणजे नेहमी गाव नसतं, खाली बऱ्याचदा कडा असतो.

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळ ड्यूक्स नोज नावाच्या कड्याच्या जंगलात एक तरुण एकटा वाट चुकला. त्याने फोन केला होता, वाट चुकलोय म्हणून सांगितलं होतं, मग फोनची बॅटरी संपली. आपले रेस्क्यूवाले, पोलीस, एनडीआरएफ, सगळ्यांनी दिवसरात्र शोधलं, चार दिवसांनी तो खोल दरीत सापडला, जिवंत नव्हता. मी नाव घेत नाही, त्याच्या घरच्यांचं दुःख त्यांच्यापाशी राहू दे. पण फोन हा आपला सगळ्यात मोठा भरवसा झालाय आणि तोच पहिल्यांदा साथ सोडतो. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, रेंज अगदी एक कांडी असेल तर कॉल लावत बसू नका, मेसेज टाका, तो जातो बऱ्याचदा. सॅटेलाइटवर चालणारी यंत्रं बाहेरच्या देशात लोक सर्रास घेऊन फिरतात, आपल्याकडे ती परवानगीशिवाय वापरता येत नाहीत, कोणी परदेशातून आणून देतो म्हणाला तर घेऊ नका, पकडले जाल. मग आपल्या हातात उरतं काय तर शिट्टी. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, परत सहा. हाक मारून घसा दोन तासांत बसतो, शिट्टी दिवसभर वाजते. आणि विमान किंवा हेलिकॉप्टर आलं तर आता सगळ्यांनी परत करा, दोन्ही हात वर, इंग्रजी वाय अक्षरासारखे. हां, असे.

एक मुलगा मघाशी बाहेर भेटला, म्हणाला सर, सगळं सांगून जायचं तर मग एकटं जाण्यात मजा काय, मला तर सगळ्यांपासून लांब जायचं असतं. ख्रिस मॅकँडलेसचं नाव घेतलं त्याने. मला त्या मुलाचं म्हणणं कळतं, खरंच कळतं, मीही त्याच ओढीने वीसेक वर्षं एकटा फिरलोय. मॅकँडलेस १९९२ च्या एप्रिलमध्ये अलास्कात आत गेला, जुलैत परत यायला निघाला तर येताना जी टेक्लानिका नदी सहज ओलांडली होती ती बर्फ वितळून फुगलेली, तो मागे फिरला आणि ऑगस्टमध्ये भुकेने गेला. नदीवरून तो मागे फिरला त्या जागेपासून किलोमीटरभराच्या आतच नदी ओलांडायला तारेवरचा पाळणा होता. त्याच्याकडे नीट नकाशा नव्हता म्हणून त्याला ते माहीत नव्हतं. मला त्याला नावं ठेवायची नाहीत, २४ वर्षांचं पोर ते. पण पाळणा इथे जवळच आहे हे सांगणारं एक माणूस त्याने कुठेतरी ठेवलेलं असतं तर त्याच्या एकटेपणातलं काय कमी झालं असतं?

माझंच सांगतो. बरीच वर्षं झाली, माळशेजच्या बाजूला एका घाटवाटेने एकटा उतरत होतो, जुलै महिना. सकाळी वरच्या वाडीत एका मामांकडे चहा घेतला, त्यांनी विचारलं कुठं जाताय, मी म्हटलं खाली जाऊन दुपारी परत वर येतो, जेवायला आहे तुमच्याकडे. बोललो आणि विसरलो. उतरताना मळलेली वाट सुटली आणि ढोरवाटेला लागलो, धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं दिसेनात, ओढ्याला पाणी चढलं आणि मी एका खडकाच्या आडोशाला अडकून बसलो. घरी सांगितलं होतं दोन दिवसांनी येतो, म्हणजे दोन दिवस घरून कोणी हलणार नव्हतं. रात्री आठच्या सुमाराला वर बॅटरीचा उजेड दिसला. मामा आणि त्यांचा मुलगा, डोक्यावर इरलं, हातात काठी. मी विचारलं कसं काय आलात, तर म्हणाले, "दुपारच्याला येतो म्हणला होता ना, भाकरी टाकल्या, न्हाई आलात, मग निघालो." त्यांना माझं आडनावसुद्धा माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी कुठेही जाताना दोन ठिकाणी वेळ सांगून जातो, एक घरी आणि एक पायथ्याच्या गावात, आणि नुसती वेळ नाही, ही वेळ टळली तर काय करायचं तेही सांगतो. चारला येणार, सहापर्यंत वाट बघा, सहानंतर अमक्याला फोन करा. आपल्या महाराष्ट्रात गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांची हेल्पलाइन आहे, तो नंबर त्याच कागदावर लिहून घरी फ्रिजवर लावतो. घरचे लवकर घाबरले आणि उगाच फोन केला तर? करू दे. आल्यावर त्यांच्यावर चिडायचं नाही, ही एक गोष्ट मला कार्लच्या वडिलांनी शिकवली.

बाहेर चहाच्या टेबलावर एक साधी वही ठेवलीय. या पावसाळ्यात जे कोणी एकटे जाणार असतील, घरी सांगायची सोय नसेल, हॉस्टेलवर राहत असाल, नाव, वाट, परत यायची वेळ लिहून जा. त्या रात्री ९ वाजता मी फोन करीन. उचला तेवढा.