सव्वीस आट्यांची वाटी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या सायकलीबद्दल बोलणार आहे ती माझ्या वडिलांची. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमला बनलेली रॅले. इंदूरजवळच्या महूच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून नानांनी ती जुनी घेतली आणि पुढची पस्तीस वर्षं तिच्यावरून मिलमध्ये हिशेब लिहायला गेले. पावती वगैरे काही उरलेली नाही. तिचं वय मला मागच्या हबनं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यानं सांगितलं. स्टर्मी-आर्चरच्या तीन गियरच्या हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो, ग्रीस आणि माती पुसली की दिसतो. आमच्या हबवर ५१ आणि ४ आहे, म्हणजे एप्रिल १९५१.

दोन वर्षांपूर्वी पेडल मारताना खालून कटकट ऐकू यायला लागली. दोन क्रँकांच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यांच्या मधे फ्रेमची जी आडवी नळी असते तिला आपले मिस्त्री बीबी म्हणतात. तिच्या दोन्ही तोंडांत पोलादी वाट्या आट्यांनी बसवलेल्या असतात, वाट्यांत छर्रे आणि छर्‍यांवर आस फिरते. उघडून पाहिलं तर डाव्या वाटीत छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडलेले. दुकानात जाऊन नवी वाटी घेतली. दिसायला तश्शीच, व्यासही तोच, १ ३/८ इंच. दुकानातल्या मुलानं हातानं दोन फेरे फिरवले, वाटी अडली. त्यानं लांब पाना लावून जोर केला आणि नळीतले पहिले आटे सोलून निघाले. सत्तर वर्षं शाबूत राहिलेले आटे! तो आवाज माझ्या कानात अजून आहे. मी तिथंच उभा होतो, ‘थांब’ म्हणायला हवं होतं.

झालं काय होतं ते घरी येऊन दोन्ही वाट्या शेजारी ठेवून मोजलं तेव्हा कळलं. नवी वाटी इंचाला २४ आट्यांची. इंग्रजी सायकलींचं सर्वसाधारण माप तेच. पण रॅलेनं आपल्या कारखान्यात २६ आट्यांचं वेगळं माप चालवलं होतं, बीबीलाही आणि हँडलखालच्या मुंडीलाही. वाटीवर आटे असतात जेमतेम अर्धा इंच, म्हणजे सगळा फरक एका आट्याचा. डोळ्याला तो दिसत नाही. हाताला दुसऱ्या फेऱ्याला कळतो, आणि तिथंच थांबायचं असतं.

‘भिया, ये आइटम अब नी आता.’ हे वाक्य मी त्यानंतर इंदुरात सियागंजापासून राणीपुऱ्यापर्यंत किती वेळा ऐकलं असेल! दुकानदार खोटं बोलत नव्हते. मी नाव सांगून मागत होतो आणि ते नावाचं उत्तर देत होते. रॅलेची वाटी मागितली की ती नाहीच. पण श्रोतेहो, सायकलीच्या भागाचं खरं नाव त्याच्या पेटीवर छापलेलं नसतं. किती इंच, किती आटे, किती भोकं, हे त्याचं नाव. त्या नावानं हाक मारली की बंद झालेले म्हणवले जाणारे कितीतरी भाग ओ देतात.

हे मला शिकवलं मालवा मिलच्या बाजूला दुकान असलेल्या एका चाचांनी. त्यांनी आधी माझी खड्डे पडलेली वाटी हातात घेतली आणि ती फेकू दिली नाही. कानशीनं तिच्या आट्यांवर आडवे तीन खाचे पाडले, तेल लावलं आणि तीच वाटी नळीत हळूहळू फिरवत नेली. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. खाच्यांतून लोखंडाचा कीस बाहेर येत होता. तासाभरात वाकलेले आटे सरळ झाले. २६ आट्यांचा टॅप, म्हणजे नळीत आटे पाडायचं हत्यार, इंदुरात शोधून मिळाला नसता. खराब वाटीच टॅप झाली.

तिथं बसून मी आणखीही काही शिकलो. साखळीच्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, तेव्हा ती सोडवताना नेहमीच्या दिशेनं जोर करू नये. शक्यतो ती काढूच नये, जागेवरच पुसून तपासावी. छर्रे मात्र सगळे बदलावेत, दोन्ही बाजूंना पाव इंचाचे अकरा-अकरा. जुन्यात चार नवे घातले तर सगळा भार नव्यांवर येतो. आणि कॉटर! क्रँकला आसेवर पक्की धरणारी ही लहानशी पाचर. रॅलेची साडेनऊ मिलिमीटरची, इतर पुष्कळ गाड्यांची नऊची. साडेनऊच्या भोकात नऊची घातली तर ती बसल्यासारखी वाटते, आठवडाभरात हलू लागते आणि हलता हलता क्रँकचं भोक मोठं करून ठेवते. मग कॉटर राहिली बाजूला, क्रँक शोधायची वेळ येते. चाचा प्रत्येक कॉटरचा उतार कानशीनं थोडा थोडा घासून, पुन्हा पुन्हा घालून बघत. दोन्ही क्रँका एका रेषेत आल्या की मगच हातोडी, आणि तीही क्रँकखाली लोखंडी नळीचा आधार देऊन. आधाराशिवाय मारलेला घाव थेट छर्‍यांवर जातो, आणि वाटीत खड्डे पडायचं एक कारण तेही आहे.

टायरच्या बाबतीत तर नावानं फारच घोळ केला आहे. २६ इंची टायर मागा. २६ बाय १ ३/८ ची रिम ५९० मिलिमीटर व्यासाची, २६ बाय १ १/४ ची ५९७, २६ बाय १ १/२ ची ५८४ आणि डोंगरी सायकलींची जाड २६ इंची ५५९. चारही सव्वीसच, आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात छापलेला तीन आकडी व्यास वाचावा, तोच खरा. यातलं ५८४ चं माप जवळजवळ संपल्यात जमा होतं. गेल्या काही वर्षांत तेच साडेसत्तावीस इंची म्हणून डोंगरी सायकलींना आलं आणि रिमा पुन्हा मिळू लागल्या. नानांच्या गाडीचं माप २८ बाय १ १/२, म्हणजे ६३५. त्याची मला कधीच चिंता पडली नाही. आपल्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकली त्याच मापावर चालतात आणि हॉलंडच्या उंच जुन्या सायकलीही. रिम बदलायची वेळ आली तर भोकं मोजा. जुन्या इंग्रजी गाड्यांना पुढं ३२ आणि मागं ४० स्पोक असतात, आजच्या ३६ भोकांच्या रिमा तिथं उपयोगाच्या नाहीत. सीटबद्दल एवढंच सांगतो की १८६६ पासूनची ब्रूक्स अजून कातडी सीट बनवते. महाग आहे, पण मिळते.

गियरचा हब हा माझा सगळ्यात लाडका भाग, त्याबद्दल थोडं सावकाश बोलतो. स्टर्मी-आर्चर १९०२ साली नॉटिंगहॅमला सुरू झाली. तिचा एडब्ल्यू नावाचा तीन गियरचा हब १९३६ मध्ये आला. २००० साली तिथलं उत्पादन थांबलं आणि कंपनी तैवानच्या सनरेसकडे गेली, हब तिथं अजून बनतात. एडब्ल्यूची रचना इतकी वर्षं इतकी कमी बदलली की एका दशकातल्या हबचे कितीतरी भाग दुसऱ्या दशकातल्या हबला चालतात. पण भाग शोधायला निघण्याआधी हब खरंच बिघडला आहे का ते बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये तो टिकटिक करतो, पहिल्यात गप्प असतो. ही टिकटिक निरोगी आहे. गियर घसरत असेल तर दुसऱ्या गियरला ठेवून उजव्या नटाच्या खिडकीतून आत पाहा: बारीक साखळी जिला जोडलेली असते त्या दांडीचं टोक आसेच्या टोकाच्या बरोबरीला यायला हवं. नसेल तर गियरच्या तारेचा ताण चुकला आहे, एवढंच. तेलाच्या टोपणातून पातळ तेल घाला. कित्येक चांगले हब केवळ सैल तारेपायी आणि सुकलेल्या तेलापायी भंगारात गेले आहेत.

पुढच्या चाकातला डायनोहब मात्र कुणाच्याही हातात देऊ नका. त्याच्या आत लोहचुंबकाचं कडं आहे आणि कडं फिरलं की दिव्याला सहा व्होल्टची वीज मिळते. ते कडं आतल्या लोखंडी गाभ्यावरून नुसतं ओढून काढलं की चुंबकाची बरीच ताकद जाते. आधी त्याच मापाचं नरम लोखंडाचं कडं लावायचं आणि चुंबक सरळ त्याच्यावर सरकवायचं. हे हब बनणं ऐंशीच्या दशकात थांबलं, तेव्हा असलेला चुंबक सांभाळणं हाच त्याचा सुटा भाग.

आता सुटे भाग कुठं शोधायचे? इंदूरपुरतं सांगतो. मालवा, हुकूमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याण, भंडारी, या मिलचे भोंगे वाजायचे तेव्हा पाटनीपुरा आणि परदेशीपुऱ्याचे रस्ते सायकलींनी भरून जायचे. हुकूमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली, बाकीच्याही एकेक करून गेल्या. त्या सायकली कुठं गेल्या? काही किलोच्या भावानं भंगारात. पण पुष्कळ अजून माळ्यांवर आणि जिन्याखाली आहेत, हे मी फिरून पाहिलं आहे. आपल्याच प्रदेशात ग्वाल्हेरजवळ मालनपूरला ॲटलस सायकलींचा कारखाना होता, तोही बंद झाला. त्यांचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला, आणि तो जागतिक सायकल दिन होता. ॲटलसचं नाव कोरलेला जुना भाग हवा असेल तर तो दुसऱ्या ॲटलसवरून उतरवायची तयारी ठेवा.

खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवाल्याकडे जाऊन यायला हरकत नाही. पोलोग्राउंडच्या एका कारागिरानं मला आस उत्तम करून दिली. वाटीला मात्र तो नाही म्हणाला, आणि कारण सांगितलं. आटे पाडून देईन, पण छर्‍यांची वाट कडक करून घासावी लागते, ती नीट जमली नाही तर दोन महिन्यांत पुन्हा खड्डे. खरं बोलला, म्हणून त्याच्याकडे पुन्हा जातो.

मग वाटी मिळाली कुठं? रामबागेत. आमच्या ओळखीच्या मावशी आहेत, ऐंशीच्या घरातल्या. त्यांच्या माळ्यावर बायकांची सायकल आहे, एवढंच ऐकलं होतं. चढून पाहिलं तर मुंडीवरचा बिल्ला गेलेला, फ्रेम खालून गंजून आरपार. पण चेनव्हीलवर हातात हात घातलेल्या पाच माणसांच्या आकृत्या होत्या. म्हणजे हंबर. हंबर १९३२ मध्येच रॅलेकडे गेली आणि युद्धानंतर तिच्या सायकली नॉटिंगहॅमलाच बनल्या. मी तिथंच, बॅटरीच्या उजेडात, डावी वाटी सोडवली आणि आटे मोजले. मग माझ्या जुन्या वाटीच्या आट्यांत तिचे आटे घालून बघितले. एकमेकांत बसले.

खाली येऊन म्हटलं, “मावशी, एवढी वाटी नेऊ का?”

“अरे, वाटी कसली नेतोस? सगळीच घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “यांनी मला शिकवली होती तिच्यावर, नेहरू पार्कात.”

मी सायकल दाराबाहेर काढली तेव्हा त्या उठून आल्या, हँडलवरची घंटी बोटानं वाजवून बघितली. वाजली. मग मला म्हणाल्या, “ही तेवढी काढून दे.”

मी पाना काढला आणि घंटी त्यांच्या हातात दिली.