बाभळीचा ओंडका ओला असतानाच फोडा

मंडळी, मार्गशीर्ष चालू आहे. आपल्या माणदेशात याच दिवसांत बांधावरची बाभूळ तुटते आणि ओंडके गोठ्यामागे पडून राहतात. कुऱ्हाड हातात येते ती चैत्रात, सरपण संपल्यावर. तोवर लाकूड दगड झालेलं असतं. घाव उसळतो, मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. वीस वर्षं मी असंच केलं. म्हणून आधी हेच सांगतो, तोडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत फोडून मोकळे व्हा.

ओल्या लाकडाचे तंतू मऊ असतात. पाणी साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरलं की ते आकसतात, घट्ट होतात. शिवाय अख्खा ओंडका आतून लवकर वाळतच नाही. साल पाणी अडवून धरते. पाणी निघतं ते मुख्यतः कापलेल्या दोन तोंडांतून. म्हणून तुकडे हातभरच ठेवा आणि फोडा, म्हणजे वाऱ्याला शिरायला जागा होते.

बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले. तिच्या मधोमध कुऱ्हाड मारली की पातं रुतून बसतं. आधी तोंड नीट बघा. गाभ्यापासून सालीकडे गेलेल्या बारीक चिरा दिसतील. घाव त्या चिरेच्या रेषेत, पण कडेला घाला. कडेची फाळकी सुटत गेली की उरलेला गाभा आपोआप हलका होतो. गाठ असेल तर पाचर घ्या. एक पाचर तोंडाशी, चीर पुढे सरकली की दुसरी तिच्या पुढे, मग पहिली सैल होऊन हातात येते. पाचरीचा माथा घणाखाली फुलतो, तो घासून घेत जा. मी आळस केला, तर त्याची लोखंडी कपची उडून माझ्या नडगीत घुसली. खूण अजून आहे. आणि बेचक्याच्या नादी लागू नका, ते तसंच बंबासाठी ठेवा.

हे सगळं कशासाठी, तर धुरासाठी. माझी आई ओली बाभूळ चुलीत सारायची. फाळक्याच्या टोकाला फेस यायचा, सूं सूं आवाज यायचा, आणि ती फुंकणी लावून डोळे पुसत बसायची. तो फेस म्हणजे लाकडातलं पाणी. दहा किलो ओल्या लाकडात तीन लिटरहून जास्त पाणी असतं. एका लिटरची वाफ करायला सुमारे २,५०० किलोज्यूल उष्णता जाते, ती भाकरीच्या वाट्याची. आणि विस्तव थंडावला की लाकडातला वायू पेटतच नाही, तोच धूर होऊन घरात भरतो. गॅस आला तरी आपल्या कितीतरी घरांत अंघोळीचं पाणी अन् मोठा स्वयंपाक अजून चुलीवर होतो. त्या चुलीपुढे कोण बसतं, हे तुम्हाला माहीत आहे.

रचताना खाली दोन दगड, त्यावर आडवे वासे. जमिनीला टेकलेलं लाकूड वाळवीचं. बाहेरचं पांढरं लाकूड भुंगा पोखरतो, म्हणून जमेल तेवढी साल काढा. ताडपत्री फक्त वरून. चारी बाजूंनी गुंडाळली तर आतली ओल आतच कोंडते. फाल्गुन, चैत्र, वैशाखाचं ऊन खाऊ द्या आणि मृगाच्या आधी पडवीत आणा. आणताना काठीनं ढोसून घ्या, विंचू असतोच.

वाळलं हे कसं ओळखायचं? एका फाळक्यावर कोळशानं खूण करा आणि पंधरा-पंधरा दिवसांनी ताणकाट्यावर वजन करा. वजन उतरायचं थांबलं की समजा. काटा नसेल तर कान आहेत. इथे मी चार फाळकी आणली आहेत, दोन गेल्या पौषातली, दोन परवाची. पुढे या, दोन-दोन एकमेकांवर वाजवून बघा. परवाची जोडी थप्प वाजेल, पौषातली खणखणेल.