चहाचा ट्रे आणि गणिताची वही

तासगाव तालुक्यात, द्राक्षबागांच्या कडेला हे घर आहे. एका दुपारी सायकल घेऊन दुकानाकडे गेलेला या घरातला अकरा वर्षांचा मुलगा अजून परत आलेला नाही. शोधासाठी पोलिसांनी काढलेले पत्रक बसस्थानकांवर लागलेले आहेच. पण आणखी एका चित्रफितीत मुलाचा चेहरा फिरू नये, ही आईची इच्छा असल्यामुळे तो येथे झाकला आहे.

चुलत्याच्या हातातली वही मुलाच्या गणिताची आहे. पुढून भागाकार आहेत आणि मागच्या पानापासून पत्रकावरच्या नंबरावर आलेल्या प्रत्येक फोनची नोंद आहे: वेळ, नंबर, समोरचा काय म्हणाला आणि पोलिसांना केव्हा कळवले. पंढरपूरच्या घाटावर असा मुलगा पाहिल्याचे एकाने सांगितले. पोलिसांनी खात्री केली, तो दुसराच निघाला. एकाने आधी पैसे मागितले. काही नोंदींपुढे फक्त ‘शिव्या’ एवढेच लिहिले आहे.

मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवला पाहिजे आणि अपहरण किंवा मानवी वाहतुकीची, म्हणजे माणसांच्या तस्करीची, शक्यता गृहीत धरून तपास झाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या बालहक्क संघटनेच्या याचिकेवर बजावले. चोवीस तास वाट पाहा, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकून घेण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून असा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली नोंदवला जातो. मुलाचे वर्णन आणि छायाचित्र इतर ठाण्यांना आणि रेल्वे पोलिसांना जाते. सांगली जिल्ह्यात पहिली नजर मिरज जंक्शनकडे वळते, कारण पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर या चारही दिशांच्या गाड्या या फलाटांवरून सुटतात. एकटे फिरणारे मूल दिसले, तर कोणीही १०९८ हा क्रमांक फिरवावा. तो दिवसरात्र चालू असतो.

गावाने त्या रात्री मोटारी लावून विहिरी उपसल्या आणि उसाचे फड पालथे घातले, हे या दृश्यांत दिसते आणि ते नोंदवलेच पाहिजे. पुढच्या आठवड्यात मात्र एक मोबाइलवरचे चित्रण फिरू लागले. त्यात आई आलेल्या माणसांपुढे चहाचा ट्रे धरून उभी आहे. दारात आलेल्याला चहा दिल्याशिवाय पाठवायचे नाही, ही या घराची रीत. पण ‘ही रडत कशी नाही?’ या एका प्रश्नावर अनोळखी लोकांनी तिला गुन्हेगार ठरवून टाकले. घरच्यांची चौकशी हा तपासाचा भागच असतो आणि तिला हे कुटुंब मुकाट्याने सामोरे गेले. ज्यांच्याकडे तपासाचा अधिकार नाही, त्यांना मात्र कसलेच उत्तर देणे हे कुटुंब लागत नाही.

संशय असा मोकाट सुटला की तो घरापुरता राहत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, मुले पळवणारी टोळी समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना जमावाने मारहाण केली. तसेच संदेश या घराच्या नावाने फिरू लागले, तेव्हा वडिलांनी ग्रामपंचायतीसमोर उभे राहून लोकांना हात जोडले आणि कोणा परक्या माणसाला हात लावू नका, असे सांगितले. ते बोलणे कोणी पुढे पाठवले नाही.

चार महिन्यांत मूल सापडले नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवला जातो. या मुलाची कागदपत्रे आता तेथे गेली आहेत आणि विचारपूस करायला वडील बागेतल्या कामाचा खाडा करून सांगलीला जातात. धाकट्या बहिणीला मामाच्या गावच्या शाळेत घातले आहे. पत्रकावरचा नंबर बदललेला नाही.