शिगेयोशी सुझुकी: शिकत राहिलेला प्रशिक्षक

मंडळी, बर्लिन ऑलिंपिक म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात. पण १९३६च्या त्याच ऑगस्टमध्ये, त्याच शहरात जपानच्या फुटबॉल संघाने स्वीडनला हरवलं. त्या संघाचे प्रशिक्षक शिगेयोशी सुझुकी, हा आजचा विषय.

जन्म १९०२चा, फुकुशिमा प्रांतातला. वासेदाच्या उच्च विद्यालयात त्यांना गुरू भेटला तो चॉ डिन, तोक्योत तंत्रशिक्षण घ्यायला आलेला ब्रह्मदेशचा विद्यार्थी. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. चेंडू कसा मारायचा, कसा अडवायचा, जवळचे पास का द्यायचे, हे तो कारणांसकट समजावून सांगे. जपानी फुटबॉलवर या माणसाचं ऋण फार मोठं आहे, असं मला मनापासून वाटतं.

१९२७मध्ये शांघायला अतिपूर्वेच्या, म्हणजे पूर्व आशियाई देशांच्या, स्पर्धेत सुझुकी खेळले. चीनने ५-१ असा धुव्वा उडवला, तो एक गोल सुझुकींचा. दोनच दिवसांनी फिलिपिन्सवर २-१ विजय मिळाला. जपानचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. १९३०मध्ये, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. आधी एखादा क्लबच देशाच्या नावाने जाई. या वेळी खेळाडू निवडून संघ बांधला होता. त्या वर्षी तीच स्पर्धा तोक्योत झाली, तिथे त्यांनी फिलिपिन्सला ७-२ हरवलं, चीनशी ३-३ बरोबरी केली आणि विजेतेपद चीनसोबत वाटून घेतलं.

आता बर्लिन. सायबेरियातून रेल्वेने संघ युरोपात पोचला. सराव सामन्यांत स्थानिक क्लबांकडूनच हार खावी लागली. जपानी संघ मागे दोनच बचावपटू ठेवी आणि समोरचे सगळे संघ तीन ठेवत होते. १९२५मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे आघाडीपटूने बचावपटूंच्या पुढे कुठवर जावं याचा, नियम सैल झाला होता, त्यामुळे दोघांना आघाडीपटू आवरेनात. स्पर्धा तोंडावर आलेली असताना सुझुकींनी सेंटर हाफला, म्हणजे मधल्या फळीच्या मधोमध खेळणाऱ्याला, बचावात मागे घेतलं आणि नवी रचना पोरांकडून घोटून घेतली. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो. इतक्या उशिरा सवयीचा खेळ मोडायला धाडस लागतं, आणि खेळाडूंचा विश्वासही लागतो.

४ ऑगस्टला मध्यंतराला स्वीडन २-० पुढे होतं. मग कावामोतोने एक गोल केला, उकोनने बरोबरी साधली आणि ८५व्या मिनिटाला मात्सुनागाने तिसरा केला. स्वीडिश रेडिओचा समालोचक स्वेन येरिंग "जपानी, जपानी, जपानी" एवढंच म्हणत राहिला. ते शब्द स्वीडनमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहेत.

तीन दिवसांनी इटलीने ८-० हरवलं. पुढे इटलीच सुवर्णपदक घेऊन गेली. १९४०चं तोक्यो ऑलिंपिक युद्धामुळे झालंच नाही. त्या युद्धात मात्सुनागा पॅसिफिकमधल्या ग्वाडलकॅनाल बेटावर आणि उकोन बोगनव्हिल बेटावर कामी आले. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये जपान पुन्हा उतरला तो १९५६मध्ये, आणि १९६८ला मेक्सिकोत त्यांनी कांस्यपदक मिळवलं. सुझुकी १९७१च्या डिसेंबरमध्ये गेले, म्हणजे ते पदक त्यांच्या हयातीतलं.